एसटीपीवर नमुना घ्यायला निघण्यापूर्वी

मैलापाणी शुद्धीकरण केंद्रातल्या, म्हणजे एसटीपीतल्या, जिवाणूंवर काम करायला आलेल्या मुलांना पहिल्या दिवसापासून सिक्वेन्सिंगचे (डीएनएचा क्रम वाचण्याचे) वेध लागतात. ते होईल, बहुधा पैसे देऊन बाहेरून होईल. बहुतेक प्रकल्प फसतात ते त्याच्या कितीतरी आधी.

लस सर्वांत आधी. टायफॉइड, हिपॅटायटिस ए आणि धनुर्वाताबद्दल डॉक्टरांशी महिनाभर अगोदर बोला. आदल्या दिवशी टोचून घेऊन उपयोग नाही. हाताला जखम असेल तर टाकीकडे फिरकू नका. गमबूट, हातमोजे, गॉगल, बदलायचे कपडे हे सांगायला नकोच. एकट्याने जायचे नाही, हे मात्र सांगावेच लागते. एरेशन टँकमध्ये (मैलापाण्यात हवा सोडायच्या टाकीत) बुडबुड्यांमुळे पाण्याची घनता घटते आणि पट्टीचा पोहणाराही तरंगू शकत नाही, म्हणून लाइफबॉय कुठे टांगला आहे ते पोचल्या पोचल्या पाहून ठेवा. बंद चेंबरमध्ये डोकावू नका. हायड्रोजन सल्फाइडचे प्रमाण वाढले की नाक बधिर होते, त्यामुळे वास येत नाही यावर विसंबता येत नाही.

केंद्र महापालिकेचे असले तरी चालवणारा बऱ्याचदा ठेकेदार असतो. परवानगीचे पत्र दोघांच्याही नावे न्या. मग ऑपरेटरजवळ बसा. घाईत ही पायरी गाळली जाते, आणि माझ्या मते सगळ्या यादीत हीच सर्वांत मोलाची. निदान मागच्या महिनाभराचे लॉगबुक उतरवून घ्या: आवक किती, एमएलएसएस (टाकीतल्या पाण्यात तरंगणारा गाळ, लिटरमागे ग्रॅममध्ये) किती, डीओ (पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन) किती, गाळ कधी आणि किती काढला. अमोनिया खाणारे जिवाणू सावकाश वाढतात. गाळ भराभर काढला तर वाढण्याआधीच ते वाहून जातात. उद्या तुमच्या निकालात नायट्रोसोमोनास हा असाच अमोनिया खाणारा जिवाणू दिसला नाही, तर कारण प्रायमरमध्ये (डीएनएचा हवा तो भाग पकडणाऱ्या छोट्या तुकड्यात) शोधायचे की गाळाच्या वयात, म्हणजे तो टाकीत सरासरी किती दिवस राहतो त्यात, हे ती वहीच सांगेल. केंद्र एसबीआर पद्धतीचे (भरणे, हवा देणे, निवळणे हे सगळे एकाच टाकीत आळीपाळीने करणारे) असेल तर नमुना भरतानाचा, हवा चालू असतानाचा की निवळतानाचा, तेही वेळेसकट टिपा.

जागेवर तापमान, पीएच आणि डीओ मोजा. मीटर आदल्या दिवशी कॅलिब्रेट करा आणि जादा बॅटरी न्या. एक लिटरच्या सिलिंडरमध्ये गाळ ३० मिनिटे निवळू द्या. ३०० मिली गाळ बसला आणि एमएलएसएस लिटरला ३ ग्रॅम असेल, तर एसव्हीआय (निवळल्यावर एक ग्रॅम गाळ किती मिली जागा घेतो तो आकडा) १००, म्हणजे ठीक. तेवढाच गाळ पण एमएलएसएस १.५ ग्रॅम, तर एसव्हीआय २०० आणि तंतुमय जिवाणू माजल्याची शंका. ती लगेच सूक्ष्मदर्शकाखाली फेडा. ताज्या थेंबात व्हॉर्टिसेला आणि रोटिफर हे सूक्ष्म जीव आणि तंतू सगळे दिसतात. नमुना गोठवल्यावर ही संधी गेली.

नळ्यांवर नावे घरूनच घाला, ओल्या हाताने मार्कर चालत नाही. एकाच नळीतून तीनदा डीएनए काढला म्हणजे तीन नमुने झाले, असे समजू नका. टाकीतून तीनदा वेगवेगळे घ्या. ड्राय आइस आधी ठरवा आणि प्रयोगशाळेत उणे ८० च्या फ्रीझरमध्ये जागा आहे का ते विचारा (नसतेच, कुणाचे तरी जुने डबे काढावे लागतात). काही जिवाणूंच्या पेशीभित्तिका इतक्या चिवट असतात, की डीएनए काढताना बारीक मण्यांसोबत जोरात हलवून नीट फोडल्या नाहीत तर ते मोजणीतून गळतात. प्रत्येक खेपेला एक कोरा (गाळ न घातलेला) नमुनाही चालवा, डीएनए काढायच्या किटमधलेच डीएनए मोजले जाऊ नये म्हणून.

वाचनाचे थोडे. सक्रिय गाळाची पद्धत (गाळातल्या जिवाणूंना हवा देऊन मैलापाणी शुद्ध करण्याची) आर्डर्न आणि लॉकेट यांनी १९१४ मध्ये मँचेस्टरला मांडली. नायट्रिफिकेशनच्या (अमोनियाचे आधी नायट्राइट, मग नायट्रेट होण्याच्या) दोन पायऱ्या दोन वेगळ्या गटांचे जिवाणू करतात, असे पाठ्यपुस्तकात शिकला असाल. २०१५ मध्ये त्या दोन्ही एकट्याने करणारे नायट्रोस्पायरा जिवाणू सापडले, तेव्हा जुन्या नोट्सवर विसंबून निकाल लावू नका.

परत आल्यावर एसव्हीआयचा आकडा आणि सूक्ष्मदर्शकाचा फोटो त्याच संध्याकाळी ऑपरेटरला पाठवा. त्यांना तो उद्याच्या गाळ काढण्यासाठी लागतो, आणि पुढच्या महिन्यात तुम्हाला पुन्हा तिथेच जायचे आहे.