पिशव्या-पाऊच शिवून विकताय? मशीनवर बसण्याआधीच्या आणि उठल्यानंतरच्या या चुका टाळा

मी शिवलेली एक पिशवी एकदा परत आली. टीप कुठे उसवली नव्हती, पट्टा शाबूत होता, चेन छान सरकत होती. पण पहिल्याच धुण्यात बाहेरचं सुती कापड आटलं, आतलं पॉलिएस्टरचं अस्तर होतं तेवढंच राहिलं आणि तोंडापाशी सगळी पिशवी गोळा झाली. घेणाऱ्या बाई रागावल्या नव्हत्या. त्यांनी एवढंच विचारलं, "ताई, इस्त्रीने बसेल का हे?" बसणार नव्हतं. तेव्हापासून परत आलेली प्रत्येक वस्तू मी नीट उलगडून बघते, आणि बहुतेक वेळा चूक मशीनवरची नसते. ती कापड बेतण्याआधी झालेली असते, नाहीतर शेवटचा दोरा कापल्यानंतर.

कापड न धुता बेतणं

नवं सुती कापड पहिल्या धुण्यात साधारण ३ ते ५ टक्के आटतं, जाड कॅनव्हास त्याहूनही जास्त आटू शकतो. ४० सेंटिमीटरच्या पिशवीत ५ टक्के म्हणजे २ सेंटिमीटर. अस्तर तेवढं आटलं नाही तर ते २ सेंटिमीटर कुठेतरी चुण्या होऊन बसणारच. म्हणून वस्तू पुढे जशी धुतली जाणार आहे तसंच कापड आधी धुवा, वाळवा, इस्त्री करा आणि मगच खडू हातात घ्या. धुतल्यावर खळ जाते, कापड लुळं पडतं आणि बेतताना सरकतं, हे खरं आहे. अशा वेळी इस्त्री करताना थोडी खळ मारावी, पण धुणं टाळू नये.

रंगाची परीक्षाही याच वेळी होते. पांढरा सुती तुकडा ओला करून गडद कापडावर जोर लावून घासा. रंग उतरला तर ते कापड फिकट कापडाच्या शेजारी लावू नका. निळीत रंगवलेलं कापड कोरडं असतानाही घासून रंग सोडू शकतं, आणि खांद्याला अडकवायची पिशवी दिवसभर अंगावरच्या कपड्यांना घासत असते.

फ्यूजिंगचं, म्हणजे कापडाला ताठपणा यावा म्हणून मागून इस्त्रीने चिकटवायच्या थराचं, एक सांगायलाच हवं. इस्त्री नेहमीसारखी फिरवली तर ते सरकतं, अर्धवट चिकटतं आणि धुतल्यावर कापडाला फुगे येतात. इस्त्री एका जागी १०-१५ सेकंद दाबून धरायची, उचलायची, पुढच्या जागी ठेवायची. नंतर कापड पूर्ण थंड होईपर्यंत हात लावायचा नाही, कारण गोंद थंड होतानाच पकड घेतो.

खुणा कशाने करता तेही बघा. पाण्याने जाणाऱ्या निळ्या पेनावर इस्त्री फिरली तर खूण कायमची बसू शकते. उष्णतेने पुसली जाणारी शाई कडक थंडीत परत उमटते. विक्रीच्या मालावर दर्शनी बाजूला मी साधा खडूच वापरते.

पुठ्ठ्याचा साचा

ही चूक लक्षात यायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला. पुठ्ठ्याच्या साच्याभोवती पेन फिरवलं की रेघ साच्याच्या बाहेर पडते, म्हणजे प्रत्येक बाजूला मिलिमीटरभर वाढ. कात्री रेघेच्या बाहेरून चालली तर आणखी तेवढीच. दुसरीकडे तोच साचा वापरून वापरून कोपऱ्यांवर झिजतो आणि गोल होतो. मग पहिला पाऊच आणि पन्नासावा पाऊच शेजारी ठेवले की दोन वेगळ्या मापांचे निघतात. दहा पाऊचची ऑर्डर भेट म्हणून घेणाऱ्या माणसाला हे लगेच दिसतं. साचा जाड प्लास्टिकच्या पत्र्याचा करा, त्यावर शिलाईची माया (टिपेबाहेर सोडलेलं जास्तीचं कापड) किती धरली आहे आणि उभा धागा (कापडाच्या लांबीचा धागा) कोणत्या दिशेला आहे हे लिहून ठेवा, आणि कात्री रेघेच्या आतून चालवा.

उभ्या धाग्याकडे दुर्लक्ष करून, उरलेल्या कापडात बसवायचं म्हणून पट्टा तिरपा काढला तर तो उरेब पडतो. वजन आलं की लांबतो. कापड वाचतं, गिऱ्हाईक जातं.

मशीन रुसलं की

कापडाच्या खालच्या बाजूला दोऱ्याचे गुंते आले की आपण बॉबिन (खालच्या दोऱ्याची रीळ) काढून बसतो. दोष बहुधा वरच्या दोऱ्याचा असतो. फूट, म्हणजे कापड दाबून धरणारा मशीनचा पाय, खाली असताना दोरा ओवला तर तो दोऱ्याला ताण देणाऱ्या टेन्शनच्या चकत्यांमध्ये नीट बसत नाही. फूट वर करा, दोरा पूर्ण काढा, पुन्हा ओवा. निम्म्या वेळा एवढ्यानेच काम होतं. उलट, बॉबिनचा दोरा वर डोकावत असेल तर वरचं टेन्शन जास्त आवळलेलं आहे.

टाके सुटत असतील तर सुई बदला. मधल्या जाडीच्या सुती कापडाला १२ किंवा १४ नंबर पुरतो. कॅनव्हास, डेनिम आणि फ्यूजिंगचे थर एकत्र आले की १६ नंबर लागतो. साधारण ८ तास शिवण झाली की सुई उतरवायची, मोडण्याची वाट बघायची नाही. बोथट सुई कापडात शिरताना ठक-ठक आवाज करते, कान देऊन ऐका. जाड थरांवर दाब टीप (वरून दिसणारी टीप) मारताना टाका ३ ते ३.५ मिलिमीटर ठेवा. बारीक टाक्यांनी तिथे कापडाला भोकंच भोकं पडतात.

चेन, कोपरे, पट्टा

चेनच्या पाऊचमध्ये सगळ्यात जास्त बिघडतात ती चेनची दोन टोकं. चेन बाजूच्या शिलाईपर्यंत नेली की तिथे चेनचे दात, दोन कापडं, अस्तर आणि फ्यूजिंग असा ढीग होतो. सुई वाकते, आणि उलटवल्यावर कोपरा चोचीसारखा बाहेर येतो. उपाय सोपा आहे. चेन थोडी आखूड कापा आणि दोन्ही टोकांना कापडाची छोटी पट्टी दुमडून लावा. बाजूच्या शिलाईत मग फक्त कापड येतं, दात येत नाहीत. सभोवती टीप मारण्यापूर्वी चेन अर्धी उघडी आहे ना, हे बोट घालून बघा. बंद राहिली तर पाऊच उलटवायला वाटच उरत नाही.

तळाला १० सेंटिमीटर रुंदी हवी असेल तर खालच्या दोन्ही कोपऱ्यांतून ५ सेंटिमीटरचे चौकोन कापायचे. सगळीकडे माया सारखी ठेवली तर माप बरोबर बसतं. अस्तरालाही तेच चौकोन कापायचे असतात, आणि घाईत नेमकं तेच राहून जातं.

पट्टा कडेच्या एका टिपेवर सोडू नका. पिशवीत ३-४ किलो वजन पडलं की जोर तिथेच येतो. पट्ट्याचं टोक आत घ्या, चौकट शिवा आणि चौकटीत फुली मारा. दोरा पॉलिएस्टरचा वापरा. जुनं रीळ असेल तर हातभर दोरा ओढून बघा. झटक्यात तुटला तर तो विक्रीच्या मालात नको.

किंमत ठरवताना फक्त शिलाई धरणं

एका पाऊचची माझी शिलाई २५ मिनिटांची. पण धुणं, इस्त्री, बेतणं यात १५ मिनिटं जातात. उलटवणं, कोपरे काढणं, दोरे कापणं ८. फोटो आणि निरोपांना उत्तरं १२, बांधाबांध आणि पत्ता लिहिणं १०. बेरीज ७०. मी कित्येक महिने २५ मिनिटांची किंमत लावत होते आणि हात रिकामा का राहतो ते कळत नव्हतं. तुम्ही एकदा घड्याळ लावून मोजा, अगदी प्रामाणिकपणे. त्यात कापड, चेन, दोरा, सुया, वीज, वाया गेलेले तुकडे धरा आणि वर नफा वेगळा. दुकानात माल ठेवायचा असेल तर दुकानदाराचा वाटा विक्रीच्या किमतीच्या निम्म्याजवळ जाऊ शकतो, तो काढूनही तुमची मजुरी सुटली पाहिजे. ओळखीच्यांना कमी भावात द्यायचं असेल तर जरूर द्या, पण मूळ भाव त्यांना सांगून.

विकताना

फोटोत पाऊच एकटा ठेवला की त्याचा आकार कळत नाही. हातात धरून एक फोटो घ्या, माप शब्दांत लिहा, आणि फोटो खिडकीजवळ दिवसाच्या उजेडात काढा. पिवळ्या दिव्याखाली राखाडी कापड तपकिरी दिसतं आणि मग "रंग वेगळा आला" अशी खरीखुरी तक्रार येते.

खास ऑर्डर तोंडी घेऊ नका. माप, रंग, तारीख, आगाऊ रक्कम, सगळं लिहून कळवा आणि कापडाचा फोटो पाठवून होकार आल्यावरच कात्री लावा. कार्टूनच्या चित्रांचं कापड घेतलं म्हणजे ते वापरून माल विकायचा हक्क मिळतोच असं नाही, तेही आधी पाहून घ्या.

नवा नमुना विकायला ठेवण्याआधी मी एक नग महिनाभर स्वतः वापरते. पिशवीत वजन भरून दारामागे टांगते, दोनदा धुते. काय सैल पडलं, कुठे झिजलं ते वहीत लिहिते. त्याच पानावर सुईचा नंबर, टाक्याची लांबी, माया आणि कापड कुठून आणलं हेही असतं, आणि कोपऱ्यात त्या कापडाचा बोटभर तुकडा टाचणीने लावलेला. सहा महिन्यांनी कुणी "तसलीच अजून एक द्या" म्हणालं की आधी ते पान उघडते.