उसातले मित्रकीटक हातचे जाऊ देणाऱ्या या चुका टाळा

2002 साली सांगली जिल्ह्यात उसावर लोकरी मावा, म्हणजे पानातला रस शोषणारी, पांढऱ्या लोकरीने झाकलेली कीड, आला. उंच फडात फवारा पोचेना, तेव्हा मावा खाणाऱ्या डिफा आणि मायक्रोमस या मित्रकीटकांनीच मोठा हात दिला. तरी आजही मावा दिसला की पंप पाठीला लागतो.

आधी पान उलटून बघा. लोकरीत जाळी करून बसलेली अळी डिफाची असते. ती पान खात नाही, मावा खाते. फवारणीत ती मरते आणि उरलेला मावा पुन्हा फुगतो, कारण तो नराशिवाय थेट पिल्लं देतो. डिफाची पुढची पिढी यायला मात्र आठवडे जातात. फडात डिफा नसेल तर जिथे आहे तिथली अळ्या-कोषांची पानं कापून माव्याच्या पानांना टाचा. हेक्टरी 1000 डिफा किंवा 2500 मायक्रोमस लागतात. पोत्यात कोंबून भर उन्हात आणलेल्या अळ्या वाटेतच दगावतात. सकाळी कापा, खोक्यातून आणा.

केसाएवढ्या देठावर पांढरा ठिपका दिसला तर ती बुरशी नाही, मावा खाणाऱ्या क्रायसोपा या मित्रकीटकाचं अंडं आहे. सुसरीसारखी काळसर, नारिंगी ठिपक्यांची अळी ढालकिड्याची, तीही मावा खाते. या दोन्ही चिरडू नका.

सर्वांत जास्त पैसा वाया जातो तो ट्रायकोकार्डांवर, म्हणजे ट्रायकोग्रामा हा मित्रकीटक आत वाढत असलेली अंडी चिकटवलेल्या कार्डांवर. पोंगा (उसाचा मधला कोवळा शेंडा) ओढल्यावर सहज उपसून आला, कुजका वास आला, म्हणजे खोडकिडीची अळी आत शिरली. आता कार्ड लावून त्या अळीला काही होत नाही, कारण ट्रायकोग्रामाची इवलीशी माशी फक्त किडीच्या अंड्यात अंडी घालते. लावणीला महिना-सव्वा महिना झाला की एकरी 2 कार्डं, दर 10 दिवसांनी, 4 वेळा लावा. पट्ट्या कापून संध्याकाळी पानाच्या मागच्या बाजूला स्टेपल करा. वरून लावल्या तर ऊन-पाऊस लागतो. कार्डावर माश्या निघायची तारीख असते, ती उलटली की माश्या पाकिटातच मरतात. ठेवायचंच असेल तर फ्रिजच्या खालच्या कप्प्यात, बर्फाच्या खणात नाही. आधी-नंतर आठवडाभर कीटकनाशक नको. चार-पाच दिवसांनी भिंगातून बघा: कार्डावरच्या काळ्या अंड्यांना बारीक भोक दिसलं तर माश्या निघाल्या. अंडी जागेवरच नसतील तर मुंग्यांनी नेली, पट्टी नव्याने लावा.

तोडणीनंतर पाचट (उसाची वाळलेली पानं) पेटवलं की त्यात लपलेले कोळी, ढालकिडे, कोष सगळे जळतात. पाचट सरीआड पसरा.