ऑर्डर हातात आणि गाळ्याला कुलूप: या चुका टाळा

औद्योगिक वसाहत भोसरीची असो, अंबडची असो की शिरोलीची, बंद पडलेल्या गाळ्यात डोकावलं तर टेबलावर बऱ्याचदा एखादी चालू पीओ (पर्चेस ऑर्डर) पडलेली असते. काम होतं, मशीन होतं, माणसंही होती. तरी शटर पडलं. ‘मार्केट खराब आहे’ हे उत्तर सोयीचं असतं. बँक स्टेटमेंट चाळलं की कळतं, पैसा होता, पण भलत्या जागी अडकला होता. यंत्रभाग बनवणाऱ्या छोट्या युनिट्समध्ये पुन्हा पुन्हा होणाऱ्या या चुका.

सीसीच्या (कॅश क्रेडिटच्या) पैशातून मशीन घेणं

सगळ्यात महागडी चूक हीच. महिन्याला 10 लाखांची विक्री, म्हणजे वर्षाला 1 कोटी 20 लाख. खेळत्या भांडवलासाठीच्या नायक समितीच्या सूत्राने बँक उलाढालीच्या 20 टक्के, म्हणजे 24 लाख सीसी देते आणि 5 टक्के, म्हणजे 6 लाख मालकाने घालायचे. हे 30 लाख म्हणजे बरोबर तीन महिन्यांची विक्री. कच्चा माल आल्यापासून ग्राहकाचे पैसे जमा होईपर्यंत तीन महिने लागतील, एवढंच सूत्रात धरलेलं आहे. मशीनसाठी त्यात एक रुपयाही नाही.

तेवढ्यात जुनं व्हीएमसी (संगणकावर चालणारं मिलिंग मशीन) 9 लाखांत मिळतं. टर्म लोनला कोटेशन, व्हॅल्युएशन, महिनाभर हेलपाटे. मालकाला घाई असते, तो सीसीवरून चेक फाडतो. पहिला महिना मजेत जातो. दुसऱ्या महिन्यात रोखीने स्टील उचलता येत नाही आणि उधारीवाला व्यापारी किलोमागे चढा भाव लावतो. तिसऱ्या महिन्यात डिलिव्हरी लांबते, ग्राहक पैसे कापल्याची डेबिट नोट पाठवतो. मग बँकेला द्यायच्या स्टॉक स्टेटमेंटचा आकडा फुगवायला सुरुवात होते. बँकेचा माणूस तपासणीला आला की रॅकवरचे गंज धरलेले रिजेक्ट पीस ‘तयार माल’ म्हणून मोजून दाखवावे लागतात, आणि त्याला ते कळतं! त्यातच 90 दिवसांवरची येणी बँका सहसा ड्रॉइंग पॉवरमध्ये, म्हणजे माल आणि येण्यांवरून ठरणाऱ्या उचलीच्या मर्यादेत, धरत नाहीत. उचल 24 लाख आणि ड्रॉइंग पॉवर 17 लाख अशी स्थिती सलग 90 दिवसांच्या पुढे गेली की खातं एनपीए, म्हणजे थकीत कर्ज.

तेच मशीन 25 टक्के स्वतःचे घालून पाच वर्षांच्या कर्जावर घेतलं असतं, तर साडेदहा टक्के व्याजाने हप्ता साधारण साडेचौदा हजार बसला असता. एक महिना थांबायची तयारी नसलेल्याने कारखाना काढूच नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. सवय एकच लावा: दर शनिवारी संध्याकाळी साध्या वहीत तीन आकडे लिहायचे. गोदामातला माल, येणी, देणी. सॉफ्टवेअर असलं तरी हातानेच. हाताने लिहिलेला आकडा डोळ्यांत खुपतो.

डिलिव्हरी चलनावर शिक्का न घेणं

‘पार्टी मोठी आहे, पैसे कुठे जातात?’ पैसे जात नाहीत, पण 120 दिवस येतही नाहीत. 2006 च्या एमएसएमई कायद्याप्रमाणे सूक्ष्म आणि लघु पुरवठादाराला लेखी करार असेल तर जास्तीत जास्त 45 दिवसांत, करार नसेल तर 15 दिवसांत पैसे मिळायला हवेत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज. हे दिवस माल स्वीकारल्यापासून मोजतात. खरेदीदाराने 15 दिवसांत लेखी हरकत घेतली नाही, तर माल पोचल्याचा दिवस हाच स्वीकारल्याचा दिवस धरतात.

आणि नेमका त्या दिवसाचा पुरावा टेंपोवाल्याच्या खिशात चोळामोळा होऊन पडलेला असतो. ग्राहकाच्या इनवर्डचा (माल आत घेतल्याचा) शिक्का आणि तारीख असलेली चलनाची प्रत त्याच संध्याकाळी फाइलला लावा. बिलावर उद्यम (सरकारी एमएसएमई नोंदणी) क्रमांक छापा. ही नोंदणी माल देण्याआधीची हवी. भांडण झाल्यावर काढलेला क्रमांक मागच्या बिलांना कामाचा नाही.

पार्टीशी बिघडेल म्हणून थकीत बिलांच्या तक्रारी घेणाऱ्या सरकारच्या समाधान पोर्टलवर कोणी जात नाही. भीती समजण्यासारखी आहे. पण 2023 च्या वित्त कायद्याने आयकर कायद्यात 43ब(एच) कलमातून आणलेला नियम न भांडता वापरता येतो. मुदतीत पैसे न दिल्यास खरेदीदाराला तो खर्च त्या वर्षी वजा मिळत नाही. फेब्रुवारीतच त्यांच्या अकाउंट्सला थकीत बिलांची यादी आणि उद्यम प्रमाणपत्र मेल करा. खरेदीदाराची उलाढाल 250 कोटींवर असेल तर ट्रेड्सवर (बिलं वटवण्याच्या ऑनलाइन मंचावर) बिल टाका म्हणून मागे लागा: त्याने बिल मान्य केलं की ते तिथे वटतं, आणि पुढे त्याने पैसे थकवले तरी वसुली तुमच्याकडून होत नाही.

शेजाऱ्याचा तासाचा दर

शेजारच्या गाळ्याचा दर ऐकून कोट करू नका, स्वतःचा महिन्याचा खर्च मांडा. हप्ता 60 हजार, भाडं 20, दोन ऑपरेटर 44, वीज 18, इन्सर्ट-कूलंट (कटिंगची पाती आणि थंडाव्याचा द्रव) 20, वाहतूक 10, मालकाचा पगार 35. एकूण 2 लाख 7 हजार. दोन शिफ्ट, 26 दिवस, 416 तास. भागाकार करून नवखा 500 रुपये तास कोट करतो. सेटिंग, टूल बदल, वीज जाणं आणि मटेरियलची वाट वजा केली तर मशीनचा स्पिंडल (फिरणारा दांडा) 290 तासच फिरतो. खरा खर्च तासाला 714. मालकाचा पगार न धरता ‘परवडतं की’ म्हणणाऱ्यांशी वाद घालू नये.

बाकीच्या, थोडक्यात

घरचं लग्न कारखान्याच्या खात्यातून करू नका. पैसे आले नाहीत तरी मागच्या महिन्याच्या बिलावरचा जीएसटी 20 तारखेला भरायचाच असतो, तो वेगळ्या खात्यात ठेवा. एका ग्राहकाकडे 40 टक्क्यांहून जास्त विक्री गेली की नवा ग्राहक शोधायला लागा.

अडचणीत असाल तर

खातं थकल्यावर बँकेचा फोन टाळणं आणि महिना तीन टक्क्यांनी हातउसने घेऊन हप्ता भरणं, हे दोन्ही आत्ता बंद करा. 25 कोटींपर्यंतच्या कर्जांसाठी रिझर्व्ह बँकेची 2016 ची पुनरुज्जीवन चौकट आहे. खातं एनपीए होण्याआधी, थकबाकी 60 दिवसांच्या आत असतानाच शाखेत लेखी अर्ज द्या. सोबत येण्यांची वयानुसार यादी, हातातल्या पीओ आणि पुढच्या 12 महिन्यांचा रोख आराखडा जोडा. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शाखेचा शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय बाहेर पडू नका.