म्हैस लाल मुततेय? आधी बाटली, मग थर्मामीटर, मग इंजेक्शन

नुकतीच व्यालेली म्हैस लाल, कॉफीसारखं मुतायला लागली की गोठ्यात पहिलं वाक्य ठरलेलं असतं, "उष्णता पडलीय, ताक पाजा." ताकाने बिघडत काही नाही, पण ताक आणि धन्याचं पाणी करण्यात दोन दिवस जातात आणि स्फुरद (फॉस्फरस) कमी पडून होणाऱ्या या आजारात तेवढा वेळच नसतो, उपचार झाला नाही तर तीन ते पाच दिवसांत जनावर जाऊ शकतं.

आत काय चाललेलं असतं ते थोडक्यात. दूध सुरू झालं की अंगातला स्फुरद दुधावाटे जातो, चाऱ्यातून तेवढा भरून येत नाही. रक्तातल्या तांबड्या पेशींना स्वतःची ऊर्जा तयार करायला स्फुरद लागतो, तो कमी पडला की त्यांचं आवरण कच्चं होतं आणि त्या रक्तवाहिन्यांतच फुटतात, आतला लाल रंग किडनीतून लघवीत उतरतो. म्हणजे जखम कुठेच नसते. त्यामुळे रक्त थांबवायचं इंजेक्शन द्या म्हणणाऱ्याला हात जोडा.

जास्त दूध देणारी, तिसऱ्या ते सहाव्या वेतातली म्हैस यात जास्त सापडते, व्यायल्यावर दोन-चार आठवड्यांत. पण म्हशीत हे गाभणपणी सातव्या महिन्यापासूनही होतं, तेव्हा "अजून व्यायलीच नाही, मग तो आजार नसणार" असं धरू नका.

1. डॉक्टरांना फोन

तो लगेच. आपले डॉक्टर उचलत नसतील तर 1962, जनावरांच्या उपचाराचा हेल्पलाइन नंबर, लावा. म्हैस चालवत दवाखान्यात नेऊ नका.

2. लघवी नीट बघा (इथेच सगळे घोळ होतात)

मलाही सुरुवातीला हेच जमायचं नाही, कारण लाल दिसणारं सगळं एकच नसतं.

व्यायल्यानंतर दहा-पंधरा दिवस म्हशीच्या अंगातून लालसर-तपकिरी घाण पडतच असते. ती लघवीच्या पहिल्या धारेत मिसळते आणि खाली शेणात पडलेलं बघून माणूस घाबरतो. म्हणून जमिनीवरचं बघून काही ठरवायचं नाही. मागची बाजू कोमट पाण्याने धुवा, निरणाच्या (योनीच्या) खालच्या कातडीवर बोटांनी हलकं हलकं चोळत राहा, बहुतेक म्हशी थोड्या वेळात मुततात. पहिली धार जाऊ द्या, मधली धार पांढऱ्या काचेच्या बाटलीत धरा. प्लास्टिकची रंगीत बाटली, स्टीलचा तांब्या वगैरे नको, त्यात कळत नाही.

आता बाटली तास-दोन तास हलवायची नाही. मुतखड्याने किंवा मूत्राशयातल्या जखमेने खरं रक्त येत असेल तर तांबडा गाळ तळाला बसतो आणि वरचं पाणी बरंच साफ होतं. स्फुरदाच्या आजारात तसं होत नाही, वरपासून खालपर्यंत एकच रंग राहतो, आधी बिनदुधाच्या चहासारखा आणि आजार वाढला की काळ्या कॉफीसारखा.

पण इथेच थांबलात तर फसाल. गोचीडतापाचा एक प्रकार असतो, बबेसिया, त्यातही पेशी रक्तातच फुटतात आणि बाटलीत अगदी हेच चित्र दिसतं. बाटली फक्त एवढंच सांगते की हा साधा रक्तस्राव नाही. म्हणून लगेच थर्मामीटर, गुदद्वारात दोन मिनिटं, आणि तो शेणात न खुपसता आतल्या बाजूला टेकवून. म्हशीचं नेहमीचं तापमान 101 फॅरनहाइटच्या आसपास असतं. बबेसियात ताप 104 ते 106 पर्यंत चढतो, कासेजवळ, कानात, शेपटीखाली गोचीड सापडतात. स्फुरदाच्या आजारात ताप नसतो किंवा किरकोळ असतो, शेण मात्र कडक पडतं आणि म्हैस कुंथते.

तरी शेवटचा शब्द रक्ताच्या काचपट्टीचा. कानाच्या टोकाचा थेंब काचेवर ओढून लॅबमध्ये बघितला की बबेसियाचे जंतू दिसतात. ही काचपट्टी कुठलंही इंजेक्शन देण्याआधी काढून घ्या, बबेसियाचं औषध एकदा टोचलं की नंतर काचेवर काही दिसलं नाही तरी त्याचा अर्थ लावता येत नाही. त्याच वेळी स्फुरद तपासायला रक्त द्या. म्हशीत साधारण 100 मिलीला 4 ते 8 मिलिग्रॅम असायला हवा, या आजारात तो बऱ्याचदा 2 च्याही खाली गेलेला असतो. रिपोर्ट येईपर्यंत उपचार अडवून ठेवायचे नसतात, पण नमुना आधी, सुई नंतर, हे डॉक्टर घाईत असले तरी आपण आठवण करून द्यायची.

अंगातलं रक्त किती कमी झालंय हेही बघून ठेवा. म्हशीच्या हिरड्या बऱ्याचदा काळ्या असतात, त्यावरून कळत नाही. डोळ्याची खालची पापणी ओढा, निरणाच्या ओठांची आतली बाजू उघडून बघा, एरवी गुलाबी असते ती कागदासारखी पांढरी झाली असेल, पुढे पिवळी, आणि छातीला कान लावल्यावर काळीज धडधडताना ऐकू येत असेल तर डॉक्टरांना फोनवर हे आधी सांगा, रक्त चढवायची तयारी करूनच येतील. दुसऱ्या निरोगी म्हशीचं रक्त चढवतात, आपल्याच गोठ्यातली धडधाकट भाकड म्हैस असेल तर दाखवून ठेवा.

3. स्फुरद द्या

औषध आहे सोडियम ॲसिड फॉस्फेट. प्रचलित डोस 60 ग्रॅम, 300 मिली डिस्टिल्ड वॉटरमध्ये विरघळवून शिरेतून, तेवढंच कातडीखाली, आणि मग बारा तासांनी पुन्हा. हे डॉक्टरांचं काम आहे, सलाइन लावता येतं म्हणून स्वतः शिरेत देऊ नका.

दुकानात पुडी घेताना मात्र नाव नीट वाचा. सोडियम ॲसिड फॉस्फेट म्हणजेच सोडियम डायहायड्रोजन फॉस्फेट पाहिजे. ट्रायसोडियम फॉस्फेट हा धुण्याघासण्याचा क्षार आहे आणि "फॉस्फेटच आहे की" म्हणून तो हातात ठेवणारे दुकानदार मी बघितलेत. आणि कॅल्शियमची बाटली! म्हैस मलूल दिसली की लावा कॅल्शियम, ही सवय इतकी भिनलीय की काय सांगू. कॅल्शियमने स्फुरद भरत नाही, आणि आधीच रक्त उतरलेल्या म्हशीला शिरेतून भरभर गेलं तर काळीज बंद पडायची भीती. कॅल्शियम आणि फॉस्फेट एका बाटलीत तर कधीच नाही, साका बसतो.

4. घरी पोटातून

डॉक्टर सांगतील तो फॉस्फेटचा डोस गव्हाच्या कोंड्यात गुळाबरोबर कालवून द्या. नळीने घशात ओतू नका, अशक्त म्हशीला ठसका लागून औषध फुफ्फुसात गेलं की नवीनच दुखणं. पाणी हवं तेवढं पिऊ द्या, किडनी साफ राहायला हवी.

साधारण एक-दोन दिवसांत लघवी निवळते आणि बहुतेक लोक इथेच डोस सोडतात. सोडू नका. लघवी साफ झाली म्हणजे पेशी फुटायच्या थांबल्या, गेलेलं रक्त परत यायला काही आठवडे लागतात. तोवर लोह-तांब्याचं टॉनिक चालू, डुंबायला नेणं बंद, दुधाचा हट्ट नको.

5. चारा

आपल्याकडे कोल्हापूर-सांगलीला हंगाम सुरू झाला की दावणीत नुसतं उसाचं वाढं (शेंड्याचा हिरवा पाला), बाजार पडला की कोबी-फ्लॉवरचा पाला. दोन्ही पोट भरतात, स्फुरद देत नाहीत. पंजाबकडे बरसीम या हिरव्या चाऱ्यावर ठेवलेल्या म्हशींतही हाच आजार दिसतो. गाभणपणी सातव्या महिन्यापासून गव्हाचा कोंडा, थोडी सरकी पेंड आणि रोज 50 ते 60 ग्रॅम चांगलं मिनरल मिक्श्चर सुरू करा, एकदा लाल मुतलेल्या म्हशीला तर पुढच्या वेतात चुकवूच नका. वाढ्यावर चुन्याची निवळी शिंपडत असाल तर शिंपडा, वाढ्यातलं ऑक्झॅलेट जे कॅल्शियम बांधून ठेवतं त्याची ती भरपाई आहे, पण स्फुरद त्यातून थेंबभर मिळत नाही, तो कोंड्यातून आणि मिक्श्चरमधूनच यायचा.