व्हिडिओ फाईलची लेबलं : एडिटिंगच्या टेबलावर नव्याने बसणाऱ्यांसाठी

असिस्टंट एडिटर म्हणून रुजू झालात की सुरुवातीला कट मारायला फारसं मिळत नाही. कार्ड उतरवून घ्यायची, कॉपी नीट झाली का ते पडताळायचं, क्लिप्सना नावं द्यायची, आणि एडिटरला स्क्रीनवर काही विचित्र दिसलं की त्याचं कारण शोधून काढायचं. या शेवटच्या कामासाठी मीडियाइन्फो नावाचं फुकट मिळणारं सॉफ्टवेअर लागतं. त्यात क्लिप टाकली की ओळीच ओळी समोर येतात: फॉरमॅट प्रोफाइल, कोडेक आयडी, एन्कोडेड डेट, कलर रेंज, रोटेशन. नवीन मुलं इथेच बिचकतात. मी त्यांना पहिल्या दिवशी एकच सांगते: यातली प्रत्येक ओळ कोणीतरी लिहिलेली आहे. कॅमेऱ्याने लिहिली, फोनने लिहिली, की मध्येच कुठल्या सॉफ्टवेअरने फाईल पुन्हा बांधताना लिहिली, हे आधी विचारा. आणि ती ओळ चित्राबद्दल बोलते, चित्र कसं दाखवायचं त्याबद्दल, की चित्र ज्या डब्यात ठेवलंय त्या डब्याबद्दल, हे त्यानंतर विचारा.

डब्यापासूनच सुरू करू. एमपी४, एमओव्ही, एमकेव्ही हे सगळे कंटेनर, म्हणजे डबे. आतलं चित्र एच.२६४, एच.२६५, प्रोरेझ अशा कुठल्याही कोडेकमध्ये, म्हणजे चित्र दाबून साठवायच्या पद्धतीत, असू शकतं. फाईलचं एक्स्टेन्शन एमओव्हीचं एमपी४ केलं तर आत काहीच बदलत नाही. त्यात भर म्हणजे एकाच गोष्टीला अनेक नावं आहेत. एच.२६४, एव्हीसी आणि एमपेग-४ पार्ट १० ही तिन्ही एकाच कोडेकची नावं, आणि एमपी४ डब्याचा स्पेक, म्हणजे तांत्रिक नियमावली, मात्र एमपेग-४ पार्ट १४. त्यामुळे क्लायंटच्या मेलमध्ये नुसतं 'एमपेग-४ पाठवा' असं आलं तर फोन करून विचारा, अंदाजाने एक्स्पोर्ट करू नका.

एच.२६५च्या बाबतीत एक लेबल नेहमी त्रास देतं, ते जरा सविस्तर सांगते. कोडेक आयडीच्या ओळीत चार अक्षरी खूण असते: कधी 'एचव्हीसी१', कधी 'एचईव्ही१'. चित्र दोन्हींत तेच, कोडेकही तोच. फरक इतकाच की डिकोडरला लागणारी सुरुवातीची माहिती पहिल्या प्रकारात फक्त डब्याच्या हेडरमध्ये असते, दुसऱ्या प्रकारात ती चित्राच्या प्रवाहातही येऊ शकते. अॅपलला पहिली खूण लागते. दुसरी असेल तर तीच फाईल विंडोजवर व्हीएलसीमध्ये झकास चालते आणि मॅकवर क्विकटाइममध्ये चित्रच दिसत नाही. मग 'फाईल करप्ट आहे, परत पाठवा' असे निरोप सुरू होतात. असा निरोप पाठवण्याआधी ही ओळ बघा. एफएफएमपेग नावाच्या सॉफ्टवेअरने एन्कोडिंग न करता फाईल नुसती नव्या डब्यात घालून ती चार अक्षरं बदलता येतात. चित्राला धक्का लागत नाही आणि काम काही सेकंदांत होतं.

आता तारखा. सगळ्यात जास्त भांडणं यावरून होतात, म्हणून इथे जरा थांबू.

एका क्लिपच्या निदान तीन-चार तारखा असतात. विंडोजमध्ये 'क्रिएटेड' आणि 'मॉडिफाइड' दिसतात त्या डिस्कने ठेवलेल्या तारखा, व्हिडिओच्या आतल्या नव्हेत. फाईल दुसऱ्या ड्राइव्हवर कॉपी केली की क्रिएटेड नवी होते, मॉडिफाइड जुनीच राहते. म्हणून फाईल तयार होण्याआधीच बदलली गेली असं उफराटं चित्र दिसतं. त्यात गडबड काहीच नसते, पण ज्याला हे माहीत नाही त्याला कोणीतरी फाईलशी खेळलंय असं हमखास वाटतं. शूटच्या वेळेसाठी फाईलच्या आतली तारीख बघायची: मीडियाइन्फोतली एन्कोडेड डेट किंवा विंडोजमधला 'मीडिया क्रिएटेड' हा रकाना.

एमपी४ आणि एमओव्हीमध्ये ही तारीख १ जानेवारी १९०४च्या मध्यरात्रीपासून मोजलेल्या सेकंदांत साठवतात. जुन्या मॅकच्या घड्याळापासून चालत आलेली ही पद्धत आहे. कॅमेऱ्याने किंवा सॉफ्टवेअरने तारीख लिहिलीच नाही तर तिथे शून्य राहतं, आणि काही प्रोग्रॅम ते इमानदारीने १९०४ म्हणून दाखवतात. क्लिपवर १९०४ दिसलं तर तारीख लिहिलेलीच नाही असं समजा आणि कॉलशीट, म्हणजे शूटच्या दिवसाचं वेळापत्रक, काढा.

स्पेकप्रमाणे ही वेळ यूटीसीत, म्हणजे जगभराच्या प्रमाण वेळेत, लिहायची असते. आपण यूटीसीच्या साडेपाच तास पुढे. समजा पुण्यात सकाळी ११:१२ला फोनवर शूट केलेली क्लिप आहे. मीडियाइन्फो यूटीसी ०५:४२ दाखवेल, आणि ते बरोबरच आहे. पण बरेच कॅमेरे टाइमझोनच्या फंदात पडत नाहीत. घड्याळात जी स्थानिक वेळ लावली असेल तीच यूटीसीच्या जागी लिहून मोकळे होतात. अशी क्लिप 'मीडिया क्रिएटेड'मध्ये बघितली तर विंडोज त्यात आणखी साडेपाच तास मिळवतं आणि संध्याकाळी सहाची वरात रात्री साडेअकराची दिसते. लग्नाच्या कामात तीन कॅमेरे आणि पाहुण्यांचे चार फोन असतात. सगळ्या क्लिप्स वेळेनुसार लावल्या की वरमाळा अक्षतांच्या आधी येते ती यामुळेच. दोन क्लिप्समध्ये नेमका साडेपाच तासांचा फरक दिसला तर दुसरं कारण शोधत बसू नका. आयफोन आणखी एक वेगळी तारीख लिहितो, त्यात +०५:३० असा टाइमझोनही असतो. एक्झिफटूल या सॉफ्टवेअरमध्ये ती दिसते आणि ती सगळ्यात भरवशाची. काही अँड्रॉइड फोन मात्र रेकॉर्डिंग संपल्याची वेळ नोंदवतात. म्हणजे वीस मिनिटांच्या भाषणाची क्लिप वीस मिनिटं उशिराची दिसेल.

क्लायंट 'हे ओरिजिनल आहे' असं छातीठोकपणे सांगतो, तेव्हा 'रायटिंग अॅप्लिकेशन'ची ओळ बघावी. तिथे 'एलएव्हीएफ' आणि पुढे आकडे दिसले तर फाईल शेवटची एफएफएमपेगच्या लायब्ररीतून गेली आहे, कॅमेऱ्यातून थेट आलेली नाही. व्हॉट्सअॅपवरून व्हिडिओ म्हणून आलेली क्लिप तर दाबून लहान केलेली असतेच, आणि तिची मूळ माहितीही बहुतेक गेलेली असते. समोरच्याला गोड बोलून 'डॉक्युमेंट म्हणून पाठवा' असं सांगावं. निम्मे प्रश्न त्यानेच सुटतात.

फ्रेमरेटच्या ओळीत दोन गोष्टी बघा: आकडा आणि मोड. आपल्याकडे टीव्हीचं काम सेकंदाला २५ फ्रेमवर चालतं, कारण दूरदर्शनने पाल पद्धत घेतली होती. २९.९७ हा आकडा अमेरिकेच्या १९५३च्या रंगीत टीव्हीच्या मानकातून आला. तो प्रत्यक्षात ३००००ला १००१ने भागून येतो, म्हणूनच मीडियाइन्फो तो अपूर्णांक शेजारी छापतं. त्याच्यासोबत 'ड्रॉप फ्रेम' दिसलं की नवी मुलं घाबरतात, फ्रेम गळल्या असं त्यांना वाटतं. एकही फ्रेम गळत नाही. टाइमकोड, म्हणजे प्रत्येक फ्रेमला दिलेला वेळेचा नंबर, घड्याळाबरोबर राहावा म्हणून दर मिनिटाला दोन नंबर वगळतात आणि दर दहाव्या मिनिटाला वगळत नाहीत. तासाला १०८ नंबर, म्हणजे जवळपास ३.६ सेकंद. हे न जुळवता तासाभराचा एपिसोड दिला तर चॅनेलचा क्यूसी, म्हणजे दर्जा तपासणारा विभाग, तो परत पाठवणारच.

मोडच्या ओळीत 'व्हेरिएबल' असेल तर ती क्लिप बहुधा फोनची. उजेड कमी झाला की फोन फ्रेम कमी करतो, आणि टाइमलाइनवर आवाज हळूहळू ओठांपासून सुटत जातो. पहिल्या मिनिटाला लक्षात येत नाही, दहाव्याला स्पष्ट दिसतं. एडिटला घेण्याआधी ती क्लिप हँडब्रेक किंवा शटर एन्कोडरमधून कॉन्स्टंट, म्हणजे एकसारख्या फ्रेमरेटची, करून घ्या. करताना तिच्या जवळच्या रेटवर करा, म्हणजे साधारण ३०वर. थेट २५ केलं की पॅनमध्ये, म्हणजे कॅमेरा आडवा फिरताना, झटके दिसतात. ३०चं २५ कसं करायचं ते एडिटरला ठरवू दे.

रंगाच्या ओळींत 'कलर रेंज : लिमिटेड' वाचून फाईलची क्वालिटी कमी आहे असं समजू नका. व्हिडिओत पूर्वापार काळा १६वर आणि पांढरा २३५वर धरतात, तेच लिमिटेड. ० ते २५५ वापरलं की फुल. घोळ होतो तो लेबल आणि आतला डेटा जुळत नाही तेव्हा. डेटा लिमिटेड आणि लेबल फुल असेल तर चित्र धुतल्यासारखं फिकट दिसतं. उलट असेल तर काळ्या केसांचा आणि काळ्या कोटाचा एकच गोळा होतो. म्हणून चित्र फिकट दिसलं की लगेच ग्रेडिंगमध्ये, म्हणजे रंग सुधारताना, काँट्रास्ट वाढवू नका. आधी स्कोपवर, म्हणजे चित्राचा उजेड मोजून दाखवणाऱ्या आलेखावर, काळा कुठे बसलाय ते बघा, मग लेबल बघा. मूळ दोष लेबलचा असेल तर दुरुस्तीही तिथेच करायची. आयफोन १२पासूनच्या, म्हणजे २०२०नंतरच्या फोनच्या क्लिपमध्ये 'बीटी.२०२०' आणि 'एचएलजी' दिसलं तर ती एचडीआर, म्हणजे उजेड आणि रंगांचा जास्त पल्ला असलेली, आहे. साध्या रेक.७०९, म्हणजे नेहमीच्या एचडी रंगांच्या, टाइमलाइनवर टाकण्याआधी तिचं रूपांतर करावंच लागतं.

बाकीची पटापट सांगते. 'हाय@एल४.१'मधला आकडा दर्जाचा नाही. ही फाईल चालवायला डिकोडरमध्ये किती ताकद हवी त्याची ती मर्यादा आहे. रोटेशन ९० म्हणजे चित्र आडवंच साठवलंय, प्लेअरने उभं करून दाखवायचंय. ही सूचना न पाळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये नवरी आडवी दिसते. कुठे उंची १०८८ दिसली तर ती १०८०च आहे. एच.२६४ चित्राचे १६ बाय १६चे तुकडे करतो आणि १०८०ला १६ने भाग जात नाही, म्हणून खाली आठ ओळी भरतीच्या येतात. १४४० बाय १०८०ची जुनी एचडीव्ही क्लिप चौकोनी पिक्सेलची नसते. ती ताणून १९२० करूनच बघायची.

भाषेच्या लेबलबद्दल मला मनापासून सांगायचंय. ऑडिओ ट्रॅकवर भाषेची तीन अक्षरं लिहायची सोय असते: मराठीला 'एमएआर', हिंदीला 'एचआयएन', कोकणीला 'केओके'. कोणी भरलंच नाही तर 'यूएनडी' राहतं, म्हणजे भाषा ठरवलेली नाही. एकाच फाईलमध्ये मूळ मराठी आणि हिंदी डब असे दोन ट्रॅक असतील आणि दोन्हींवर 'यूएनडी' असेल, तर कोणता ट्रॅक मराठी हे प्लेअरला कळायला मार्ग नाही. मराठी निवडून ठेवलेल्या प्रेक्षकाला मग हिंदी ऐकू येऊ शकतं. आपल्या भाषेचं काम डिलिव्हर करताना एक्स्पोर्टच्या खिडकीत ही तीन अक्षरं भरायला अर्धं मिनिटही लागत नाही. तुमच्या हातून जाणाऱ्या प्रत्येक फाईलवर ती भरा, आणि सबटायटलच्या ट्रॅकवरही.

कार्ड उतरवलं की कुठलीही क्लिप कन्व्हर्ट करण्याआधी मीडियाइन्फोचा टेक्स्ट अहवाल काढून त्याच फोल्डरमध्ये ठेवायची सवय लावून घ्या, आणि सोबत चेकसमची, म्हणजे कॉपी तंतोतंत आहे का ते पडताळायच्या आकड्यांची, फाईल. सहा महिन्यांनी कोणी विचारलं की मूळ क्लिप किती फ्रेमची होती, कुठल्या रेंजची होती, तर तेव्हा हातात असलेली फाईल चार सॉफ्टवेअरमधून गेलेली असेल आणि तिच्यावरची लेबलं शेवटच्या सॉफ्टवेअरची असतील. तो टेक्स्ट अहवाल मात्र कॅमेऱ्याने काय लिहिलं होतं तेच सांगेल.