आजोबांच्या बाहीवरची पट्टी: जुन्या आरमारातला ‘असिस्टंट इंजिनिअर’ कसा ओळखावा

माळ्यावर जुना फोटो किंवा नेमणुकीचा कागद सापडतो, त्यावर ‘असिस्टंट इंजिनिअर’ नाहीतर ‘इंजिनिअर सब-लेफ्टनंट’ असं काही लिहिलेलं असतं, आणि मंडळी ते घेऊन माझ्याकडे येतात. मी लोणावळ्याच्या ‘शिवाजी’त, म्हणजे आरमाराच्या इंजिनिअरिंग प्रशिक्षण केंद्रात शिकलो, उमेदीची वर्षं इंजिन रूममध्ये काढली, त्यामुळे हे काम ओघानंच गळ्यात पडलं. “मोठे साहेब होते का हो?” हा सगळ्यांचा पहिला प्रश्न. माझाही उलटा प्रश्न ठरलेला: साल काय?

सालाशिवाय हुद्दा वाचायला जाऊ नका. आपल्या आरमाराचे हुद्दे ब्रिटिशांकडून आले, आणि त्यांच्याकडे सुरुवातीला इंजिनिअरला हुद्दाच नव्हता. इंजिन बनवणारा कारखानाच इंजिनासोबत ते चालवणारा माणूस धाडायचा. १८३७ मध्ये त्याला वॉरंट दर्जा, म्हणजे अधिकाऱ्यांच्या खालचा दर्जा मिळाला, तोही जहाजावरच्या कार्पेंटरच्या खालचा. १८४७ मध्ये वरच्या इंजिनिअरांना कमिशन, म्हणजे पूर्ण अधिकाऱ्याचा दर्जा दिला गेला. असिस्टंट इंजिनिअर मात्र तीन वर्गांत विभागून वॉरंटवरच ठेवले. म्हणजे १८५० च्या कागदावर ‘असिस्टंट इंजिनिअर’ दिसला तर तो कमिशन असलेला अधिकारी नव्हे. १८८० मध्ये प्लिमथजवळ कीहॅमला इंजिनिअरांचं कॉलेज निघालं, आणि १९०३ मध्ये असिस्टंट इंजिनिअरचं नामकरण ‘इंजिनिअर सब-लेफ्टनंट’ असं झालं. बॉयलर तेच, कामही तेच.

आता फोटो. बाहीवरच्या सोनेरी पट्ट्यांना लागून रंगीत कापड असे: इंजिनिअरचं जांभळं, डॉक्टरचं लाल, हिशेब बघणाऱ्या पेमास्टरचं पांढरं. ही पद्धत १८६३ ची. पण कृष्णधवल फोटोत पांढरं तेवढं उठून दिसतं. जांभळं गडद निळ्या बनातीत असं मिसळतं की भिंग लावूनही हाती काही लागत नाही. मूळ कोटच ट्रंकेत असेल तर बाही खिडकीपाशी नेऊन तिरकी धरा, म्हणजे निळ्याशेजारचा निराळा रंग आणि त्याची शिवण दिसेल. कोट धुवायला मात्र टाकू नका, हात जोडून सांगतो.

फोटोत रंगापेक्षा वेटोळं जास्त कामाचं. सगळ्यात वरच्या पट्टीला जो गोल वेढा असतो, तो आधी फक्त डेकवरच्या, म्हणजे जहाज चालवणाऱ्या अधिकाऱ्यांना होता. इंजिनिअरांना तो १९१५ मध्ये मिळाला, बाकीच्या शाखांना १९१८ मध्ये. तेव्हा १९१० च्या फोटोत पट्टी सरळ असेल तर माणूस इंजिनिअर, डॉक्टर किंवा पेमास्टर यांपैकी कुणीतरी; वेटोळं असेल तर इंजिन रूमचा विचार सोडून द्या. १९२० नंतरच्या फोटोत वेटोळ्यावरून काहीच ठरत नाही. वेटोळ्याबरोबर इंजिनिअरांना लष्करी शाखेचा, म्हणजे डेकवरच्या अधिकाऱ्यांच्या शाखेचा दर्जाही मिळाला होता; पुढे १९२५ मध्ये तो पुन्हा काढून घेतला. युद्ध चालू असताना मान द्यायचा आणि संपल्यावर हिशेब काढायचा, हा प्रकार मला आजही खटकतो. ब्रिटिशांकडे जांभळं कापड १९५५ मध्ये गेलं.

कागदावर ‘इंजिनिअर’ शब्द हुद्द्याच्या आधी आहे की नंतर, तेही बघा. ‘इंजिनिअर लेफ्टनंट’ म्हणजे इंजिनिअर म्हणूनच भरती झालेला. लेफ्टनंटच्या पुढे कंसात ‘ई’ असेल तर सुरुवातीला तो १९०३ नंतरच्या, डेक आणि इंजिन दोन्हींसाठी एकत्र होणाऱ्या सामाईक भरतीतून येऊन इंजिनाकडे वळलेला असायचा. दुसऱ्या महायुद्धापर्यंत मात्र हा कंस सगळ्यांनाच लागला होता, त्यामुळे १९४३ च्या कागदावरच्या ‘ई’ वरून भरती कशी झाली ते कळत नाही.

आपल्याकडचं एक उदाहरण मी प्रत्येकाला सांगतो. रॉयल इंडियन मरीनमध्ये, म्हणजे ब्रिटिश काळातल्या इथल्या सागरी दलात कमिशन मिळालेले पहिले भारतीय डी. एन. मुखर्जी, साल १९२८, हुद्दा इंजिनिअर सब-लेफ्टनंट. पहिला भारतीय अधिकारी आला तो इंजिनाच्या बाजूनं! हीच मरीन १९३४ मध्ये रॉयल इंडियन नेव्ही झाली, आणि लोणावळ्याचं ‘शिवाजी’ फेब्रुवारी १९४५ मध्ये सुरू झालं. युद्धकाळातल्या फोटोत पट्ट्या एकमेकींत गुंफलेल्या असतील तर माणूस राखीव दलाचा, म्हणजे बहुधा आधी व्यापारी जहाजांवरचा; नागमोडी असतील तर स्वयंसेवक राखीव दलाचा.

पद आणि हुद्दा यांचीही गल्लत होते. मुंबईचे अर्देशिर खरशेदजी वाडिया १८४१ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या स्टीम फॅक्टरीचे चीफ इंजिनिअर झाले, पण ते कारखान्यातलं पद. ‘सेकंड इंजिनिअर’ लिहिलेलं असेल तर कागद जवळजवळ नक्कीच व्यापारी जहाजाचा. तिथे हा माणूस चीफच्या लगेच खालचा, म्हणजे चांगला वरचा. रत्नागिरीकडच्या घरांत निघणारी आगवाल्यांची, तेलवाल्यांची डिस्चार्ज बुकं, म्हणजे खलाशांच्या नोकरीच्या नोंदवह्या, तर निराळीच. त्यांत हे हुद्दे शोधू नका. अमेरिकन कागद क्वचित येतात. त्यात १८४२ पासून फर्स्ट, सेकंड, थर्ड असिस्टंट इंजिनिअर आहेत, आणि १८९९ मध्ये त्यांचं इंजिनिअर दलच मुख्य शाखेत विलीन झालं.

एवढं झालं की नाव शोधा. ब्रिटिश ‘नेव्ही लिस्ट’चे, म्हणजे अधिकाऱ्यांच्या छापील यादीचे महायुद्धकाळातले अंक स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयानं इंटरनेटवर ठेवलेत, अधिकाऱ्यांची सेवापत्रकं लंडनच्या क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात एडीएम १९६ या मालिकेत आहेत, आणि रॉयल इंडियन मरीनचे कागद ब्रिटिश लायब्ररीच्या इंडिया ऑफिस विभागात. लिस्टमध्ये नावासमोर ज्येष्ठतेची तारीख असते. १९०२ आणि १९०४ चे अंक शेजारी ठेवा: हुद्दा बदललाय पण तारीख तीच आहे, तर बढती झालेली नाही, फक्त नाव बदललंय.