पावसाळ्यात काच ओढताना आणि पांढऱ्या पेशी मोजताना

सांगली-मिरजेत आता लहान लॅबमध्येही रक्तपेशींचा काउंट (मोजणी) मशीनच देतं. तरी मशीनने फ्लॅग, म्हणजे शंकेची खूण, दाखवला की काच ओढावीच लागते, म्हणजे काचेवर रक्ताचा पातळ थर (स्मिअर) पसरावाच लागतो. कोवळी पेशी ओळखायला डोळाच हवा.

जांभळ्या झाकणाच्या नळीतलं रक्त शक्यतो दोन तासांत वापरा. उशीर झाला की न्यूट्रोफिलमध्ये (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) पोकळ्या पडतात आणि त्या जंतुसंसर्गाच्या वाटतात. नळी आठ-दहा वेळा हळू उलटसुलट करा. काचेच्या टोकापासून सेंटीमीटरभर आत बारीक थेंब ठेवा, दुसरी काच 30 ते 45 अंशांत टेकवा, थेंब कडेला पसरू द्या आणि एका दमात ओढा. ॲनिमियाचं पातळ रक्त असेल तर कोन वाढवा, नाहीतर स्मिअर काचेबाहेर पळतो.

जुलैत खरी डोकेदुखी वाळवण्याची. कृष्णाकाठच्या दमट हवेत स्मिअर सावकाश वाळतो आणि तांबड्या पेशींत चमकदार ठिपके उठतात. म्हणून लगेच पंख्याखाली धरा. लेशमनच्या (पेशी रंगवायच्या रंगाच्या) बाटलीचं बूचही घट्ट लावा, त्यातलं मिथेनॉल हवेतलं पाणी ओढतं.

वाळलेल्या स्मिअरवर लेशमन 2 मिनिटं, मग त्यावर दुप्पट बफर (पीएच 6.8 वर स्थिर ठेवणारं द्रावण) घालून 8 ते 10 मिनिटं. बफरऐवजी बोअरचं पाणी घालू नका. ते अल्कधर्मी असलं तर सगळं निळं होतं, इओसिनोफिल या पांढऱ्या पेशीतले नारिंगी दाणेसुद्धा.

तेलाच्या लेन्सखाली, तांबड्या पेशी जेमतेम एकमेकींना टेकतात तिथे, कडेपासून आत-बाहेर नागमोडी जात 100 पांढऱ्या पेशी प्रकारानुसार मोजा. स्मिअरच्या शेपटाकडेच, म्हणजे पातळ टोकाकडेच, मोजलं तर मोठ्या पेशी जास्त भरतात.

न्यूट्रोफिल हाडाच्या मगजात दहा-चौदा दिवस घडतो आणि रक्तात जेमतेम दिवसभर फिरतो. मगजावर ताण आला की अर्धवट घडलेलेच बाहेर येतात: केंद्रकाचे खंड न पडलेले, घोड्याच्या नालेसारखे बँड. ते 10 टक्क्यांवर गेले तर रिपोर्टमध्ये लिहाच. डेंग्यूत चित्र वेगळं. लिम्फोसाइट (पांढऱ्या पेशींचा आणखी एक प्रकार) मोठे, निळे, कड शेजारच्या तांबड्या पेशीला बिलगलेली. लिम्फोसाइट टी प्रकारचा की बी, हे मात्र या काचेवर कळत नाही.

टक्क्यांवर विसंबू नका. एका मायक्रोलिटर रक्तात एकूण पांढऱ्या पेशी 3,000, लिम्फोसाइट 60 टक्के म्हणजे 1,800, ठीकच. पण न्यूट्रोफिल 30 टक्के म्हणजे 900, आणि 1,500 च्या खाली ते कमीच.

एक जरी ब्लास्ट (अगदी कोवळी पेशी) दिसला तरी रिपोर्ट सोडू नका. काच जपून ठेवा आणि आधी पॅथॉलॉजिस्टना दाखवा.